कमरेला बांधलेली उत्तर दिशा

आमच्या घरात उत्तर दिशा एका जागी कधी थांबली नाही. होकायंत्र मीच निवडलेलं.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. वर्तकनगरच्या माझ्या साडूला खूळ लागलं. सुट्टीच्या दिवशी आमच्या कळव्याच्या घरामागच्या डोंगरावर तो खाऊचा डबा लपवणार, आणि त्यानं चिठ्ठीत लिहिलेल्या दिशांवरून आम्ही पोरांसकट तो शोधायचा. साडू शिकलेला. (मी चौथीत शाळेला रामराम केला. शाळेनंही फार थांबवलं नाही.) निदान यंत्र तरी भारी हवं, म्हणून बायकोला घेऊन कल्याणला जुन्या सामानाच्या दुकानात गेलो.

बायकोला डब्याचं काही नव्हतं. डोंगराच्या माथ्यावरून तिचं खाडीकाठचं माहेर दिसतं, असं बहिणीनं सांगितलेलं. तिला ते एकदा वरून बघायचं होतं, बस.

दुकानदारानं दोन यंत्रं काढली. एक छोटं, प्लास्टिकचं, काटा शांत. दुसरं पितळेचं, झाकणवालं, ओंजळभर. ते तराजूजवळ ठेवलं तसा काटा गर्रकन फिरला. मी खूश. काट्यात जोर आहे!

"अहो, तो वजनांकडे फिरतोय," बायको म्हणाली. "लोखंड दिसलं की धावतोय."

"गप गं. तुला काय कळतं यातलं?"

पितळेचं घेतलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी डोंगराखाली उभे राहिलो. झुडपं तोडायला माझ्या डाव्या कमरेला कोयता खोचलेला. (आमच्यात रानात रिकाम्या कमरेनं कोण जातं?) यंत्र पोटाशी धरलं. चिठ्ठी म्हणाली, उत्तरेला चला. काट्यानं उत्तर दाखवली डाव्या हाताला. डावीकडे वळलो, तर उत्तर परत डाव्या हाताला. पुन्हा वळलो, ती पुन्हा सरकली. एकाच करवंदीच्या जाळीपाशी आम्ही इतक्यांदा आलो, की पोरांनी तिच्यावर एक करवंद ठेवलं नाही.

बायको दगडावर बसली. डोंगर समोर दिसतोय, वर चढायला दिशा कशाला लागते, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, यंत्र आणलंय तर शिस्तीत जायचं.

ऊन उतरलं तशी ती उठली, आणि माझ्या कमरेचा कोयता उपसला. मला वाटलं, आता माझी मान गेली. तिनं तो लांब झुडपात भिरकावला. काटा निमूटपणे उजवीकडे गेला आणि थांबला.

"उत्तर कमरेला बांधून फिरवलंत आम्हाला," ती म्हणाली. "आता पोरं दमली. चला घरी."

साडू आणि मेव्हणी वर वाट बघून खाऊ खाऊन मोकळे झालेले.

पुढच्या वर्षी नक्की वर नेतो, म्हटलं. पुढच्या वर्षी पाऊस लवकर आला. मग पोरांच्या परीक्षा, मग तिचे गुडघे. मग तीच गेली. डोंगर अजून घराच्या मागेच आहे.

यंत्र मी फळीवर तिच्या फोटोशेजारी ठेवलंय. काटा सारखा फोटोकडे वळतो. चौकटीला मागून लोखंडी पट्टी आहे, एवढं मला आता कळतं. तरी परवा तिला म्हटलं, बघ, यंत्र मी चांगलंच निवडलेलं.

ती काही बोलली नाही. उभ्या संसारात पहिल्यांदा मी वाद जिंकला, आणि ऐकायला कोणी नव्हतं.