धुळाजीची पश्चिमेची भिंत

कड्याच्या पलीकडच्या माळावर एक वाडी आहे. तिथल्या धुळाजी मेंढपाळाचा हात नेहमी तोंडाच्या आधी चालायचा. बांधावरून मेंढरू गेलं म्हणून शेजारच्या बद्रीनाथनं एकदा शिवी दिली, तर यानं त्याचे दोन दात पाडले आणि मग विचारलं, "आता बोल बे, काय म्हनत हुतास?" बद्रीनाथ बिचारा काय बोलणार! बायको मनकर्णा हिच्या भुवईवर एक जुना वण होता. कोणी विचारलं की ती "शेळीनं ढुशी मारली" म्हणायची. वाडीतल्या सगळ्यांना ती शेळी ठाऊक होती.

अशा माणसाचा जीव मातीच्या घरात अडकला होता. त्याच्या बापानं पांढऱ्या मातीच्या चिखलात भूस घालून त्यातून मेंढरांचा अख्खा कळप फिरवला होता, आणि त्या तुडवलेल्या चिखलाच्या भिंती घातल्या होत्या. पण एका साली भादव्यात पाऊस जो लागला, तो हटायचं नाव घेईना. पश्चिमेची भिंत फुगली आणि एका सकाळी बाहेरच्या बाजूला कोसळली. तिच्या आडोशाला बसलेल्या मेंढ्या चिखलात गाडल्या गेल्या. धुळाजीनं हातांनी माती उपसली, मेलेली मेंढरं ओढून काढली आणि उरलेल्या भिंतीलाच बुक्क्या मारीत रडला.

आता भिंती कशाच्या घालायच्या, यावरून घरात जुंपली.

"आबा, पाऊस पयल्यासारखा ऱ्हायला न्हाई," मुलगा रामेश्वर म्हणाला. "माती टिकायची न्हाई. चारी बाजूंनी पत्रा मारू. आठवड्यात घर उभं."

"आन वैशाखात? त्यात काय माणसं भाजायची हायेत?"

सून मोहिनी पोटुशी होती. ती दाराआडून म्हणाली, "मामा, काळ्या दगडाची भिंत घाला. माज्या म्हायेरी आष्टीला हाय. उन्हात गार ऱ्हाती अन् पावसाला दाद देत न्हाई."

पण दगड फोडायचा, घडायचा, म्हणजे एक हंगाम जाणार. एवढा दम त्या दोघांपैकी कोणात होता? आणि सुनेचं बोलणं ऐकायची त्या घराला सवयच नव्हती. दसरा झाला तसा धुळाजी मेंढरं घेऊन घाटाखाली उतरला आणि रामेश्वरला रान मोकळं मिळालं.

चैतात तो परतला तेव्हा घर जाऊन तिथं पत्र्याचा डबा उभा होता. लोखंडी पाइप, त्यावर पत्रा, चारी अंगांनीही पत्राच. धुळाजीचे डोळे लाल झाले, मूठ वळली. पण आत आढ्याच्या पाइपाला झोळी टांगलेली होती आणि झोळीत धनश्री होती, त्यानं अजून न पाहिलेली नात. तिनं त्याचं बोट धरलं. धुळाजीची मूठ तिथंच सैल झाली. त्या दिवसापासून हा दांडगा गडी झोळीतल्या पोरीला मिशा ओढू द्यायला लागला. मनकर्णा तोंडाला पदर लावून हसायची.

वैशाख तापला आणि पत्र्यानं आपले गुण दाखवले. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. पोरीचं अंग घामोळ्यांनी भरलं. ती रडून रडून बसक्या आवाजात कण्हायची. मोहिनी झोळीभोवती ओलं लुगडं बांधायची, ते बघता बघता वाळायचं. ते कण्हणं धुळाजीच्या काळजाला घरं पाडू लागलं. एका दुपारी तो उठला आणि त्यानं कुऱ्हाड घेतली.

"वाऱ्याला वाट द्यावी लागती!" असं ओरडत त्यानं पश्चिमेच्या पत्र्यावर पहिला घाव घातला.

हे ज्ञान त्याचं पालातल्या, कापडी राहुटीतल्या मुक्कामाचं होतं. माळावर वावटळ आली की धनगर पालाच्या दोन्ही कडा वर उचलतो, वारा एकीकडून येतो आणि दुसरीकडून जातो, पाल जागच्या जागी राहतं. जन्मभर हे केलेलं. पण त्यानं रागाच्या भरात एकाच अंगाला दारासारखं भगदाड पाडलं. समोरची पूर्वेची भिंत तशीच बंद होती.

आवाज ऐकून रामेश्वर रानातून पळत आला. "कावून फोडताय? माजं घर हाय ते!" त्यानं बापाची गचांडी धरली. बापानं कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या खांद्यावर हाणला. पोरगं गुडघ्यावर आलं, हाताला लागला तो धोंडा उचलून त्यानं बापाच्या कपाळात घातला. रक्त मिशांवरून खाली गळायला लागलं. मनकर्णा मध्ये पडली, तिलाही दोघांनी लोटून दिलं. मोहिनी ओरडत होती, "आभाळ बघा! आरं, आभाळ बघा!" पण एकमेकांचे गळे धरलेल्या बापलेकांना आभाळ कुठून दिसणार?

पश्चिमेकडून धुळीची भिंतच चालून आली. वारा भगदाडातून आत घुसला आणि बाहेर पडायला जागा न मिळाल्यानं त्यानं वरचं छप्पर ढकललं. खिळे फटाफट तुटले. पाइप, पत्रे आणि पाइपाला बांधलेली झोळी, सगळं एकदमच वर उठलं.

धुळाजीनं पोराचा गळा सोडला. घरात उडी घेऊन त्यानं झोळी धरली तेव्हा त्याचेही पाय जमिनीवरून सुटले. दुसऱ्या हातानं वर दोरीची गाठ सोडवायला गेला, ती सुटली नाही; हात मात्र हेलकावणाऱ्या पत्र्याच्या धारेखाली सापडला. तीन बोटं तुटून पडली. त्यानं झोळी सोडली नाही. शेवटी दोरीच तुटली आणि आजा-नात खाली आदळले, पोर त्याच्या छातीवर. छप्पर बाभळींवरून भिरभिरत पलीकडे ओढ्यात जाऊन पडलं. पोरीचा खांदा मोडला होता, पण ती जिवंत होती, किंचाळत होती.

दवाखान्यातून मोहिनी थेट माहेरी गेली. दोघं न्यायला गेले तेव्हा ती उंबऱ्यातून म्हणाली, "वाऱ्यानं छप्पर न्हेलं न्हाई, तुमी दिलं त्याला. दगडाच्या भिंती घाला, दोघं मिळून. हात उगारला असं कानावर आलं तर मी पुन्हा दिसायची न्हाई."

मग बापलेकांनी दगड फोडला. एकमेकांशी न बोलता फोडला, पण फोडला. त्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी धुळाजी सांध्यांत दगडाच्या बारीक चिपा भरायचा. दीड हात जाड भिंती, सांधे चुन्यासिमेंटचे, वर स्लॅब. पुढचा वैशाख आला तेव्हा घर उभं होतं.

मोहिनी पोरीला कडेवर घेऊन आली. भिंतींवरून हात फिरवला. मान हलवली. मनकर्णाला हाताला धरून आत नेलं, नवऱ्याला आत घेतलं. मागून येणाऱ्या सासऱ्याला म्हणाली, "मामा, तुमी भाईरच. कुऱ्हाड तुमी चालवली हुती. भाकर मी आणून देईन. पर माज्या लेकीच्या घरात तुमी न्हाई."

रामेश्वर काही बोलायला गेला. धुळाजीनंच त्याला हातानं गप्प केलं.

"बरूबर हाय पोरी तुजं," तो म्हणाला आणि मेंढरांच्या वाड्यात घोंगडी टाकली.

आठ दिवसांत पुन्हा तसंच वादळ उठलं. सगळे आत गेले, दार लागलं. धुळाजी पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. माती तोंडात जात होती, गारा डोक्यावर फुटत होत्या. भिंत तसूभरही हलली नाही. त्यानं वळून दगडाला कान लावला. आत पोर भेदरली असेल, रडत असेल, निदान एवढं तरी कळावं म्हणून. काहीच ऐकू येईना. त्यानं तिला नावानं हाक मारली, मग आणखी जोरात मारली. आतून कोणी ओ दिली नाही. एवढ्या जाड भिंतीतून त्याची हाक आत पोचलीच नव्हती.