काउंटरवरच्या शकुताई

चिखलीतल्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात माणसांना नावं नसत. नाव असे ते कुत्र्याला, मांजराला, फार तर पोपटाला. शकुताई काउंटरवरून हाक मारायच्या, "लकी गायकवाड! चला आत. लकीच्या पप्पांनी साखळी आखूड धरा." समोरच्या वर्कशॉपात प्रेस मशीन दिवसभर ठोकत असायचं, तरी ही हाक रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला ऐकू जायची. एकदा कुठल्याशा कंपनीतले मोठे साहेब मांजर घेऊन आले आणि "मनीचे पप्पा" म्हटल्यावर भडकले. मला नाव आहे म्हणाले. शकुताई शांतपणे म्हणाल्या, "आसंल की. पर हितं पेशंट ती हाय, तुमी न्हाई." साहेब मनीला मांडीवर घेऊन गुमान बसले.

मी उदगीरकडची. नवऱ्याला इकडे नोकरी लागली म्हणून आले आणि शकुताईंच्या हाताखाली रिसेप्शनिस्ट म्हणून चिकटले. त्या चिखलीच्याच जुन्या शेतकरी घरातल्या. गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या तेव्हा घरात सगळे खूश होते, या एकट्या महिनाभर फुरंगटून बसल्या होत्या. पुढे डॉक्टर मॅडमनी दवाखाना उघडला आणि यांनी काउंटर धरला तो धरलाच. फोन कसा घ्यायचा हे मला त्यांनीच शिकवलं. "फोनवरचं मानूस घाबरल्यालं आसतं, उलटं सांगतं. कुत्रं जेवत न्हाई, सुस्त पडलंय, आसं सांगत बसंल आन् शेवटाला म्हनंल, काल मोजा गिळला. तवा मधी तोंड घालायचं न्हाई. पर फोन ठेवूबी द्यायचा न्हाई." मी फोनवर "होल्ड करा" म्हटलं की त्या डोळे वटारायच्या. त्यांना ते शिवी दिल्यासारखं वाटे.

मग त्यांचा आवाज बसला. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं, शेजारणींचे सगळे उपाय झाले, आवाज काही सुटेना. तपासण्यांत घशात वाईट गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागेल, असं मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं. गळ्याला कायमचं भोक राहील, श्वास त्यातूनच घ्यायचा. नंतर एक झडप बसवून थोडंफार बोलता येईल, पण जमेलच असं नाही, आणि पहिला आवाज तर नाहीच. जीव वाचतोय म्हणून घरच्यांनी देवाला नारळ फोडला. शकुताईंना मात्र एकच घोर लागला होता: काउंटर सुटणार.

डॉक्टर मॅडम भली बाई. म्हणाल्या, "शकुताई, नोकरी कुठे जात नाही तुमची. आत बसा, औषधांचं कपाट सांभाळा. फोन आणि काउंटर ही बघेल." ही म्हणजे मी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शकुताई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "कपाटाला माझी काय गरज? ते काय घाबरून आल्यालं आसतं व्हय?"

नेमकं त्याच सुमारास आकुर्डीतल्या एका हॉटेलात जनावरांच्या दवाखान्यांतल्या रिसेप्शनिस्टांची परिषद भरणार होती. आमच्या जमातीची परिषद भरते हेच आम्हाला नवं. मॅडम मला एकटीला पाठवणार होत्या. ऑपरेशन परिषदेच्या दुसऱ्याच आठवड्यात होतं, तरी शकुताई म्हणाल्या, मीबी येनार. मुलगा चिडला, आराम कर म्हणाला. त्यांनी त्याला उडवून लावलं. "तितं एवढी काउंटरवाली मानसं येनार. आवाजाबिगर हे काम कसं करायचं, कुनाला तरी ठावं आसंलच की. इचारल्याबिगर मी टेबलावर झोपनार न्हाई."

इस्त्रीची साडी, केसांत अबोलीचा गजरा, गळ्यात परिषदेचं नावाचं कार्ड, असा थाट करून त्या पहिल्या रांगेत बसल्या. स्टेजवरच्या प्रशिक्षक बाई मुंबईच्या, गोड बोलणाऱ्या. पण त्यांचा विषय निघाला आवाज! फोनवर हसून बोला, हसू ऐकू येतं. आवाज हीच तुमच्या दवाखान्याची ओळख. आवाज हेच तुमचं भांडवल. मी शरमेनं खुर्चीत आक्रसले. शकुताईंचा हात धरून म्हटलं, "ताई, चला, चहा घेऊ." त्यांनी हात सोडवून घेतला. "बस खाली. परश्नं इचारायची येळ येऊ दे."

ती वेळ आली तशा त्या उठल्या. माइक ओठांना टेकवला तरी आवाज खरखरतच बाहेर पडला. "फुडल्या आठवड्यात माझं नरडं काढनार हायेत. त्यानंतर मला बोलता यील का न्हाई, ठावं न्हाई. पर मला काउंटर सोडायचा न्हाई. न बोलता हे काम कुनी केलंय का? कसं केलं?"

प्रशिक्षक बाईंचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "केवढी हिंमत! ताईंसाठी जोरदार टाळ्या!" सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. शकुताई हात वर करून थांबल्या. टाळ्या विरल्यावर म्हणाल्या, "टाळ्या नगं. उत्तर द्या."

मला तेव्हा त्यांचा इतका अभिमान वाटला की रडूच आलं. लोक मात्र पायांकडे बघू लागले. मग मागून दापोडीच्या दवाखान्यातली एक बाई उठली. "मला डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही," ती म्हणाली. "आमच्या डॉक्टरांनाही माहीत नाही, आज पहिल्यांदा बोलतेय. मी टेबल कोपऱ्यात असं ओढून घेतलं की डाव्या हाताला भिंत येते, म्हणजे येणारा माणूस कायम माझ्या उजवीकडे उभा राहतो. तुमचं उत्तर नाही माझ्याकडे, ताई. पण मी कान बदलू शकले नाही, म्हणून टेबल बदललं." शकुताई माइक तिथेच ठेवून तिच्यापाशी गेल्या आणि जेवणाच्या सुट्टीत तिच्याच शेजारी बसल्या. दोघींचं काय काय चाललं होतं कुणास ठाऊक. माझ्या ताटातला गुलाबजामही शकुताईंनी तिला दिला.

ऑपरेशन नीट झालं. काही महिन्यांनी त्या गळ्याला सुती रुमाल बांधून दवाखान्यात आल्या आणि पहिलं काम म्हणजे काउंटर मागे भिंतीकडे सरकवायला लावला. आता त्या काउंटरमागे नव्हे, पुढ्यात स्टूल टाकून बसत. पाळी आली की उठून पेशंटपाशी जात, त्याच्या डोक्यावर हात ठेवत आणि मालकाला आतलं दार दाखवत. हाक मारण्याची गरजच उरली नाही. मॅडमनी काही दिवस बघितलं आणि म्हणाल्या, "बरं, काउंटर तुमचा. पण फोन नको, शकुताई. फोनवर हात दाखवून चालत नाही." शकुताईंनी मान हलवली. ती होकाराची होती असं मॅडमना वाटलं.

झडप बसल्यावर रोज दुपारी त्या मागच्या अंगणात जाऊन भोकावर अंगठा दाबत, म्हणजे श्वास झडपेतून तोंडाकडे वळे, आणि पिंजऱ्यातल्या पेशंटांशी बोलत. आवाज जाड, तुटक, डब्यातून आल्यासारखा. आधी कुत्री भुंकायची, मग नुसते कान टवकारायची, मग तेही सोडलं. माणसांशी मात्र त्या अजून हातानंच बोलत होत्या.

एका दुपारी मी डबा धुवायला गेले होते आणि फोन वाजला. ओल्या हातांनी धावत आले तर रिसीव्हर शकुताईंच्या हातात. मी पुढे झाले. त्यांनी मान हलवून मला जागीच थांबवलं, अंगठा गळ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "बोला." पलीकडून फोन कट. कुणी चेष्टा करतंय असं वाटलं असणार. पुन्हा वाजला. पुन्हा "बोला", पुन्हा कट. शकुताईंचा चेहरा लाल झाला होता. माझ्या ओठांवर आलं होतं, ताई, द्या इकडे. मी पुढे केलेले ओले हात मागे घेतले.

तिसऱ्यांदा वाजला. त्यांनी दमानं श्वास घेतला आणि एकेक शब्द ठासून म्हणाल्या, "ठेवू नगा. आवाज आसाच हाय. जनावराला काय झालंय, ते सांगा."

पलीकडे कुणीतरी रडतच बोलू लागलं. शकुताई मध्ये तोंड न घालता ऐकत होत्या. एका हातात रिसीव्हर, दुसरा गळ्याशी तयार, म्हणून त्यांनी डोळ्यांनीच मला पेनाकडे खुणावलं. मी साडीला हात पुसले आणि त्या सांगतील ते लिहून घ्यायला बसले.