अबू मुनीफचा न हलणारा काटा

अम्मानच्या आमच्या डोंगरावर नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. म्हणजे खालच्यांना येतं, वरच्यांचा नळ नुसता सुस्कारे सोडतो. वर पंप बसवायचा की नाही, हे पाणीखात्यातल्या अबू मुनीफच्या नोंदीवरून ठरतं. ह्या माणसाने आयुष्यभर पाण्याचा दाब मोजला, पण त्यासाठी एकदाही गुडघे वाकवले नाहीत.

दाब मोजायचा तो रस्त्यालगतच्या मीटरपाशी, उकिडवं बसून. पण मीटरपाशी कॉफी कोण देणार? म्हणून हा सरळ अंगणात यायचा, उशीला रेलायचा आणि हाताशी असलेल्या नळाला गेज लावायचा. त्या नळाला पाणी येतं आमच्याच गच्चीवरच्या टाकीतून. म्हणजे गडी मोजायचा काय, तर टाकीची उंची! मी एकदा तोंडावर सांगितलं, तर म्हणाला, "पाणी ते पाणी, बाबा. काटा बघ कसा ठाम उभा आहे!" पालथ्या घड्यावर पाणी.

डोंगराच्या टोकाला उम्म सखर, म्हणजे सखरची आई, राहते. तिचा नवरा अबू सखर अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला. त्याच्या चादरी रोज धुवाव्या लागतात, आणि पाणी ती खालून डब्यांनी वाहून आणते. तिने पंपासाठी अर्ज केला. अबू मुनीफ मोजायला येणार म्हटल्यावर बाईने काय करावं? टँकर बोलावून टाकी भरून घेतली!

"अगं, कोरडी राहू दे की!" मी ओरडलो.

"पाहुणा हात धुवायला उठेल आणि नळ कोरडा? काय अब्रू राहील आमची?"

अब्रू राहिली. टँकरच्या पाण्यावर काटा उठला, अबू मुनीफने कपावर कप कॉफी ढोसली, दाब उत्तम असल्याचं लिहिलं आणि अर्ज फेटाळला गेला. तिचा मला राग आला. त्याची किळस आली.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला. ह्या वेळी मात्र तिने टाकीचा कॉक बंद ठेवला. अबू मुनीफने उशीला रेलूनच गेज लावलं. काटा जागचा हलेना. त्याने काचेवर टिचक्या मारल्या.

"गेज बिघडलं वाटतं. काळजी करू नका, उम्म सखर, मागचाच आकडा लिहितो."

"गेज धड आहे, भाऊ. खाली मीटरला लावून बघा."

"गुडघे दुखतात हो. कॉफी झाली का?"

आमच्याकडे पाहुण्याला कॉफी तळाशी घोटभरच ओततात, तो त्याचा मान. काठोकाठ भरलेल्या कपाचा अर्थ एकच: पी आणि चालता हो. अशा एका कपावरून घराण्यांत वैरं झालेली आहेत. उम्म सखरने किटली उचलली. ती ओतत राहिली, अगदी काठापर्यंत. मी दारातून बघत होतो.

अबू मुनीफने कप दोन्ही हातांनी उचलला, थेंबही न सांडता रिकामा केला आणि मिशा पुसल्या.

"आज हात सैल सोडलात, उम्म सखर! अल्ला बरकत देवो." आणि मागचाच आकडा लिहिला.

आतून, अंथरुणावरून अबू सखरचा अडखळता आवाज आला, "सखरच्या आई... अजून एक भर त्याला."

तिने भरला. तोही तो प्यायला.