कडूकाकांच्या पेट्या

मध विकणाऱ्या माणसाने निदान गिऱ्हाइकाशी तरी गोड बोलावं. पण या गृहस्थांचं तोंड उघडलं की कारल्याचा रस सांडायचा. "बाटलीला हात लावायच्या आधी हात धुतलेस का?" हे त्यांचं स्वागत. म्हणून सगळी वस्ती त्यांना कडूकाका म्हणे, माघारी बायकोसुद्धा.

माणसांच्या बाबतीत काका एक नंबरचे चिकट. शेजारणीने वाटीभर साखर मागितली, तर वाटी परत कधी येणार ते आधी विचारत. मधमाश्यांच्या बाबतीत मात्र साक्षात कर्ण. परसातली माश्यांची एखादी पेटी अशक्त दिसली की भरलेल्या पेटीतली मधाने ओथंबलेली चौकट उचलून तिथे बसवायचे. "श्रीमंताघरचं गरिबाघरी. कुठल्या सरकारला जमलंय?" असं म्हणून मिशीला पीळ.

परसाला लागून धाकट्या भावाचं कलिंगडाचं शेत. पेट्या येण्याआधी तिथलं फळ एका बाजूने फुगलेलं, दुसरीकडून बसलेलं, दाढ सुजलेल्या गालासारखं निघायचं. माश्या फुलांवर फिरू लागल्या आणि फळं गोल झाली. भाऊ श्रेय देई ते आपल्या खताला.

यंदा फुलं नुकती उमलत होती, तेव्हा एका पेटीचं झाकण काढताच कुजका वास आला. पिल्लांच्या घरांवरचं मेण खचलेलं. काकांनी काडी आत घालून ओढली. पांढऱ्या अळीऐवजी तपकिरी, चिकट तार लांबत बाहेर आली. त्यांनी दुसरी पेटी उघडली, तिसरी उघडली. प्रेमाने चौकट दिलेल्या प्रत्येक पेटीत तीच तार.

काका पायरीवर येऊन बसले.

"काय हो, कुणी फुकट मध मागितला की काय?" बायकोने विचारलं. काकांनी तार चिकटलेली काडी तिच्यापुढे धरली.

"पिल्लं सडतायत. रोग मीच वाटला, चौकटींतून."

"मग औषध द्या."

"औषधाने लपतो, जात नाही. लाकडात वर्षानुवर्षं राहतो. सगळं जाळायचं. माश्यांसकट."

बातमी ऐकून भाऊ धावत आला. "दादा, डोकं फिरलंय का? फुलोरा आत्ता आलाय! तो सरू दे, मग हवं तर घर पेटव."

"तोवर या पेट्या मरतील. मेलेल्या घरातला मध लुटायला नाल्यापलीकडच्या माश्या येतील आणि रोग घेऊन जातील. मग तिकडच्या बागाही गेल्या."

"नाल्यापलीकडचे तुला जेवायला घालतात? माझ्या फळांचं काय?"

"तुझी वाकडी होतील. त्यांची तरी सरळ राहू देत."

संध्याकाळची वाट पाहावी लागली, कारण माश्या घरी यायला हव्यात. पायांना परागाचे पिवळे गोळे लावून, बाजारातून ओझी घेऊन परतणाऱ्या बायांसारख्या त्या उतरत होत्या. एक उशिरा आलेली पेटीच्या दारापुढच्या फळीवरून घसरली, पुन्हा चढू लागली. "आवर गं, किती वेळ!" काका सवयीने खेकसले. मग आपण तिला कुठे पाठवतोय ते ध्यानात आलं.

पेट्यांच्या दारांत चिंध्या कोंबल्या, वरून पेट्रोल ओतलं. आतली गुणगुण चढत चढत गेली आणि थांबली. खड्डा भावानेच खणला, तोंडाने शिव्या चालू ठेवून. पेट्या पेटल्या, मेण वितळलं.

"वास किती छान येतोय," बायको म्हणाली आणि तोंडावर हात दाबून रडू लागली.

काही माश्या रात्री फुलांतच राहिल्या होत्या. सकाळी त्या परतल्या आणि रिकाम्या जागी, जिथे दार असायचं नेमक्या त्याच उंचीवर, घिरट्या घालू लागल्या. बायकोने बशीत साखरपाणी आणलं.

"अहो, एवढ्याच उरल्यात. राहू देत ना."

"घर नाही म्हटल्यावर या रोग घेऊन दुसऱ्याच्या पेटीत शिरतील. भरल्या हाताने येणाऱ्याला कोण अडवतो?"

"मग पाणी नेऊ परत?"

"नको. ठेव तिथेच."

ती बशी ठेवून घरात गेली, मागे वळली नाही. माश्या एकेक करून काठावर उतरल्या. काकांनी त्यांच्यावर दाबायला फडकं ओलं करून पिळलं, वाकले, आणि त्या प्यायला लागेपर्यंत थांबले.