परत आणून दाखवा

दर शुक्रवारी चार वाजता मगदूम अण्णा कंपनीची एक फाइल मुद्दाम पुसून टाकत. कानडी मुलखातल्या बोम्मसंद्र्याच्या आमच्या कारखान्यात यंत्रभागांच्या ड्रॉइंगचा बॅकअप घेणं हे त्यांचं काम. पुसलेली फाइल ते बॅकअपच्या डिस्कवरून परत आणत, उघडून शेवटच्या मापापर्यंत वाचत आणि मगच चहाला उठत. मी पुण्याहून त्यांचा साहेब होऊन आलो, तेव्हा हा खुळेपणा पाहून हसलो.

"ठेवलंय म्हनून कोनबी सांगतंय साहेब," अण्णा म्हणाले. "परत आनून दाखवा, मग बोला."

अण्णा निपाणीचे. त्यांचं बॅकअपचं सॉफ्टवेअर बारा वर्षांपूर्वीचं, करड्या चौकटींचं, दिसायला अगदी रडकं. पण ते एकेका फाइलचं नाव सांगे आणि कुठे चुकलं तर तिथेच थांबे. नवी आवृत्ती शेवटी फक्त हिरवी खूण दाखवी. मला ती खूण आवडायची, कारण वरच्यांना दाखवता येत असे.

"जुन्याचं काय चुकलंय ते तरी सांगा स्वल्प," अण्णा म्हणत. मला सांगता येत नसे, म्हणून मी चिडत असे.

अखेर मी नवी आवृत्ती आणलीच. तिच्यात चालू कामाची ड्रॉइंग घेतली. बाकीची जुन्या डिस्कांवर होतीच. अण्णांनी एकच मागितलं, "जुना कॉम्प्युटर तेवढा ऱ्हाऊ द्या. ह्या डिस्का त्योच वाचतोय."

"सरी, राहू दे," मी म्हणालो. आणि दसऱ्याच्या आयुधपूजेआधीच्या साफसफाईत, अण्णा गावी गेलेले असताना, तो भंगारात घातला. पूजेला त्या जागी नवा कॉम्प्युटर हळदकुंकू लावून बसला होता. दारात कोहळा फुटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी प्रसाद घेतला, पण त्या टेबलाकडे फिरकले नाहीत.

चार महिन्यांनी कंपनीची मुख्य डिस्क बंद पडली. जुनी ड्रॉइंग गेली, आणि जुन्या डिस्का नवं सॉफ्टवेअर उघडेना. बैठकीत मोठ्या साहेबांनी विचारलं, जुना कॉम्प्युटर कुठे गेला? सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी वहीत रेघोट्या मारत बसलो. आठवड्याभरात त्यांना काढलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

मग निर्लज्जासारखा मीच डिस्कांची पिशवी घेऊन बनशंकरीला त्यांच्या घरी गेलो. अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, पाणी दिलं आणि त्या आत निघून गेल्या. अण्णांनी कपाटातून आपला जुनाट लॅपटॉप काढला. त्यात तीच करडी चौकट होती. तीन दिवस ते एकेक डिस्क लावत राहिले. शेवटची फाइल उघडून, शेवटच्या मापापर्यंत वाचून म्हणाले, "घ्या. समदं आलंय बगा."

मी डिस्का पिशवीत भरत म्हणालो, "अण्णा, तुम्हालाही परत घेतील. मी आणतो तुम्हाला, मोठ्या साहेबांशी बोलतो."

अण्णा हसले. "आनून दाखवा साहेब. मग बोला."

ड्रॉइंग वाचवल्याबद्दल कंपनीने माझा सत्कार केला. शाल अजून घरात आहे. दीड वर्षाने अण्णा गेले. तोवर मी साहेबांशी बोललो नव्हतो. बोलायचं तरी किती होतं? भंगाराच्या कागदावरची सही माझी आहे, एवढंच.