डब्यातली चांदी आणि उत्पन्नाचा दाखला

बाईंनी स्टीलचा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. दुपारची वेळ होती, मला वाटलं भाकरी असेल. आत पैंजणं होती. अर्धवट झालेली, काळपट, निम्म्या कड्या अजून सुट्या.

"ही बघा माझी श्रीमंती," बाई म्हणाल्या. "तलाठ्यानं हीच बघितली."

मी कोल्हापूरच्या कोर्टात तेवीस वर्षं वकिली करतोय. त्यातली चौदा वर्षं लीगल एडच्या पॅनेलवर आहे. म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या केसेस आम्ही चालवतो आणि आमची फी सरकार देतं. फी किती ते विचारू नका. आठवड्यातून एक दिवस ऑफिसच्या पुढच्या टेबलावर ड्यूटी असते. येईल त्याचं ऐकायचं, फॉर्म भरून घ्यायचा, कागद जोडून घ्यायचे. हे काम आपण डोळे मिटून करू शकतो असा माझा समज होता. पुढचं सगळं रामायण त्या समजामुळेच घडलं.

बाईंचं नाव महादेवी, पण सगळे त्यांना अक्का म्हणायचे. वयानं माझ्यापेक्षा लहान, तरी मीही अक्काच म्हणू लागलो. माहेर हुपरीचं, सासर शहराच्या कडेच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, तिथले तलाठी अजून नोकरीत आहेत. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. हुपरीच्या एका शेठकडून चांदीच्या कड्या आणायच्या, घरी बसून त्या जोडून पैंजण करायचं आणि दर गुरुवारी एसटीनं नेऊन द्यायचं, हे त्यांचं काम. एसटीत कुणाची नजर पडू नये म्हणून जेवणाच्या डब्यातून. चांदी शेठची, अक्कांची फक्त मजुरी.

त्यांच्या दिरानं दावा लावला होता. घर माझं आहे, भावाला नुसतं राहायला दिलं होतं, आता त्याच्या बायकोनं खाली करून द्यावं, असं त्याचं म्हणणं. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत दाव्याला लेखी उत्तर द्यायचं असतं. त्याला आम्ही कैफियत म्हणतो. कैफियत गेली नाही तर कोर्ट पुढं सरकतं आणि तुमची बाजू कागदावर येतच नाही.

अक्का पहिल्यांदा माझ्याकडं आल्या तेव्हा समन्स मिळून फक्त चार दिवस झाले होते. भरपूर वेळ होता. मी फॉर्म भरला, एका रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "आधी उत्पन्नाचा दाखला आणा."

अक्का दाखल्यासाठी फिरू लागल्या. तलाठी चौकशीला घरी गेले. दारातूनच त्यांना जमिनीवर पसरलेली चांदी दिसली. ही शेठची आहे, असं अक्कांनी सांगितलं, तर तलाठी म्हणाले की एवढी चांदी कोण कुणाच्या घरी ठेवतं? हुपरीत हा प्रश्न कुणी विचारला नसता. तिथं घरोघरी दुसऱ्याची चांदी पडलेली असते. पण हे गाव उसाचं आणि म्हशींचं. तलाठ्यांनी अहवालात चांदीचा व्यवसाय लिहिला आणि तहसीलमधून जो दाखला आला, त्यावर अक्कांचं उत्पन्न माझ्यापेक्षा जास्त होतं. तो बदलून घ्यायला त्या आणखी तीन वेळा गेल्या. शेवटी वैतागून डबाच घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

मी समन्सच्या तारखेपासून दिवस मोजले. तीस दिवस उलटून गेले होते. केसचं स्टेटस बघितलं. दोनच दिवसांपूर्वी कैफियतीशिवाय दावा पुढं चालवायची ऑर्डर झालेली.

काहीतरी धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "अगदीच वेळ आली तर हुपरीत भावाकडं राहता येईल ना?"

"शेठ चांदी माणसाला देत न्हाईत, साहेब. घराला देत्यात," अक्का म्हणाल्या. "दार कुणाचं, कुलूप कुणाचं, त्ये बघत्यात. घर गेलं की डबा रिकामा."

मी शेठना फोन लावला. चांदी तुमची आहे एवढं चार ओळींत लिहून द्या, म्हटलं. शेठ अतिशय गोड बोलले. लिहून द्यायची आमच्यात रीत न्हाय, पावणं, सगळं शब्दावर चालतंय, तुम्ही एकदा चहाला या. चहाचं आमंत्रण फाईलला जोडता येत नाही.

मग मी तणतणत सचिव मॅडमकडं गेलो. आमच्या ऑफिसच्या सचिव न्यायाधीश असतात. तलाठी कसे, तहसील कसं, शेठ कसे, मी दहा मिनिटं बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अर्जदार बाई आहे ना?"

"हो मॅडम. विधवा आहेत."

"मग दाखला मागितला कुणी?"

बायकांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. श्रीमंत असो, गरीब असो, बाई आहे एवढं पुरतं. हे मी गावोगावच्या शिबिरांत माइकवरून सांगत आलोय. पण फॉर्मवर दाखल्याचा रकाना असतो आणि हात सवयीनं तिथं जातो. मला लाज वाटली. ती अजूनही वाटते.

बाहेर येऊन अक्कांना सगळं सांगितलं. त्या आवाज चढवतील अशी तयारी ठेवली होती. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"म्हंजे म्हयनाभर मी उगंच फिरलो?"

"होय."

"चूक कुणाची?"

"माझी."

"बरं. आता काय करायचं त्ये सांगा."

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

करायचं होतं ते असं. उशीर माफ करा आणि कैफियत दाखल करून घ्या, असा अर्ज द्यायचा. सोबत उशिराचं कारण प्रतिज्ञापत्रावर. त्याच संध्याकाळी मी मसुदा केला आणि कारण लिहिलं, 'अर्जदार आजारी असल्याने.' कोर्टात निम्म्या उशिरांना हेच कारण असतं. त्यामुळं कुणाचं काही वाकडं होत नाही, वकिलाचं तर अजिबातच नाही. दुसऱ्या दिवशी अक्कांना वाचून दाखवलं.

"ह्ये काढा," त्या म्हणाल्या. "मी येक दिस बी पडून न्हवतो. दर बेस्तरवारी माल पोचवलाय, शेठच्या वहीत हाय. दिरानं ती वही दावली तर मी खोटी पडंन. खोटीच्या घरात चांदी कोण ठेवंल?"

एका महिन्यात माझा हात सवयीनं दुसऱ्यांदा घसरला होता. मी कागद फाडला. नवीन लिहिला. पॅनेलवरच्या वकिलांनी गरज नसताना दाखला मागितल्यामुळे उशीर झाला.

तारखेला जजसाहेबांनी अर्ज वाचला. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान.

"पॅनेलवरचे वकील म्हणजे कोण? नाव दिसत नाही."

"मीच, सर."

"मग नाव लिहा."

भरल्या कोर्टात मी पेन काढून ओळीच्या वर स्वतःचं नाव लिहिलं आणि बाजूला सही केली. मागं दोन ज्युनिअर हसल्याचं ऐकू आलं. अर्ज मंजूर झाला, कैफियत दाखल झाली. विरुद्ध बाजूला द्यायचा खर्च कोर्टानं माझ्यावर बसवला, तो मी भरला.

पुढं दावा वर्षभर चालला. अक्कांकडं आणखी एक डबा होता. त्यात नवऱ्याच्या नावानं भरलेल्या घरफाळ्याच्या, म्हणजे घरपट्टीच्या, सगळ्या पावत्या निघाल्या. त्या बघितल्यावर दिराचा सूर खाली आला आणि लोकअदालतीत तडजोड झाली. मागच्या दोन खोल्या अक्कांच्या, रस्त्याकडं स्वतंत्र दार. दाराला कुलूप त्यांचं. शेठ स्वतः येऊन ते बघून गेल्याचं मला नंतर कळलं.

तेव्हापासून टेबलावर बाई बसली की मी आधी समन्सची तारीख विचारतो. फॉर्म नंतर. पण माझी शिस्त तपासायला आता दुसरीच माणसं नेमलेली आहेत. परवा हुपरीच्या एसटीनं दोघी आल्या. बसायच्या आधीच त्यातली थोरली म्हणाली, "अक्कानं सांगून धाडलंय. वकीलसाहेब दाखला मागत्याल, आणायचा न्हाय."