चिनी फेरीवाल्याचा काढा

त्या सकाळी आमी नवरा-बायको ओसरीवर बियाण्याच्या शेंगा फोडत बसलो हुतो. तेवढ्यात सायकलवर रेशमी कापडाचं गाठोडं बांधून चिनी फेरीवाला आला. येरमाळ्याच्या जत्रंच्या आसपास तो दरसाल यायचा. आमची बोली शिकला हुता. बोलायच्या आधी हात पुसायची त्याला सवय. नाव म्या कधी विचारलं न्हाय.

बायकोनं छाती दाबून धरलेली त्यानं बघितली. "काळजाच्या रक्ताच्या नळ्या आतनं कोंदल्यात, असं डॉक्टर म्हणतो," म्या सांगितलं.

त्यानं गाठोड्यातनं लाल मुळ्या काढून आमच्या चुलीवर उकळल्या. "आमच्या मुलखात ह्यावर हेच देतात."

"बरी हुईल का?"

त्यानं हात पुसले. "माझी आई वाचली न्हाय. दम मातूर कमी लागायचा. डॉक्टरची गोळी सोडू नका."

बायको हसली. "कापड इकताना एवढं खरं बोललास तर उपाशी मरशील, भाऊ!" आन् घोटभर प्याली.

दिस मावळताना ती गेली. गावानं फेरीवाल्याला चावडीत कोंडलं. "ह्यानंच इख पाजलं," म्हणत पोरं काठ्या घेऊन दाराशी बसली.

उजाडल्यावर म्या उरलेला काढा घेऊन चावडीवर गेलो. त्यात इख हाय का न्हाय, मला तरी कुठं ठावं हुतं? सगळ्यांदेखत तांब्या रिकामा केला आन् पायरीवर बसलो. ऊन डोक्यावर आलं तरी मला काय झालं न्हाय. मग म्याच उठून दाराची कडी काढली.